अठरा महिन्यांचं गाऱ्हाणं

कमल शेजवळ यांच्या पिशवीत कायम एक गर्भाशय असतं.

गुलाबी प्लास्टिकचं, मुठीएवढं, मधोमध उघडणारं. आधी ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात राहायचं. डब्याचं झाकण तडकल्यापासून ते पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळलेलं असतं. दिंडोशीच्या मेट्रो स्टेशनवर पिशवी तपासणीच्या यंत्रातून जाते तेव्हा पडद्यावर नक्की काय दिसतं कोण जाणे, पण ड्युटीवर नवी पोरगी असली की हमखास थांबवते.

"ये क्या है, आंटी?"

"बच्चेदानी. तेरे पास भी है. तू लेके घूमती है तो मैं पूछती हूँ क्या?"

मागची रांग हसते, पोरगी लाजते आणि कमलताई बोरिवलीला कामावर जातात.

आमच्या समोरच्या दारात त्या बावीस वर्षं राहतात. उंची बेताची, चष्मा जाड, आवाज असा की त्यांनी घरात नवऱ्याला, रतनरावांना, चहा विचारला तर आम्हीही 'अर्धा कप' म्हणून मोकळे होतो. इथे राहायला यायच्या आधीची आणि नंतरची मिळून तीस वर्षं त्या महापालिकेच्या दवाखान्यात कुटुंब नियोजनाच्या नर्स होत्या. मालाडच्या कुरार वस्तीत गल्ल्यागल्ल्यांतून फिरून बायकांना तांबी बसवून घ्या म्हणून सांगायचं, हे काम. तांबी म्हणजे गर्भाशयात बसवायची ती तांब्याच्या तारेची इवलीशी वस्तू. ती आत असेपर्यंत दिवस राहत नाहीत. तिच्यावरून त्यांचं नाव पडलं तांबीबाई. तांबीबाई गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की बायका पटापट दारं लोटून घ्यायच्या आणि आतून ओरडायच्या, "घरात कोणी नाही! बाहेर गेलीये!"

"बरं. आली की तिला सांगा," कमलताई दाराला तोंड लावून म्हणायच्या, "बाहेर जाताना गॅसवरचं दूध बंद करून जात जा. उतू चाललंय."

दार उघडायचं. दुधासाठी का होईना.

रिटायर झाल्यावर माणसं योगासनं करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून इतरांकडून करवून घेतात. कमलताई बोरिवलीच्या एका खासगी हॉस्पिटलात लागल्या. तिथे तिसऱ्या मजल्यावर वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विभाग आहे. भिंतीवर एक सडपातळ परदेशी बाई सफरचंदाकडे बघून वेड्यासारखी हसते आहे आणि खाली तिच्याकडे बघत बसलेल्या आपल्या बायकांपैकी एकीलाही हसू येत नाही. या ऑपरेशनात पोटाची पिशवी अंड्याएवढी करतात आणि आतड्याचा रस्ता वळवून जवळचा करतात. वजन उतरतं. इथवर डॉक्टरांचं काम. पुढे कमलताईंचं.

पुढे म्हणजे असं, की वजनापायी ज्यांच्या पाळीचा पत्ता नसतो, ज्यांना दहा-दहा वर्षं मूल नसतं, अशा बायकांचं वजन उतरू लागलं की अंडाशय जागं होतं. अंडाशयाचा स्वभाव सरकारी कर्मचाऱ्यासारखा. वर्षानुवर्षं टेबलावर डोकं ठेवून झोपलेला, आणि ऑफिसला रंगकाम काढलं की त्याच दिवशी उत्साहाने हजर. कारण नेमके तेच दिवस मूल राहू नये असे. बाई चिमणीएवढं खात असते, अंगातलं लोह, बी-ट्वेल्व्ह सगळं तळाला गेलेलं. जिथे तिलाच पुरत नाही तिथे बाळाला काय मिळणार? म्हणून कमलताईंच्या खोलीचा नियम एकच: ऑपरेशनपासून अठरा महिने थांबा. तीस वर्षं ज्या बाईने 'आता पुरे' सांगितलं ती आता 'आता नको' सांगते. गेल्या पाच वर्षांत त्यांनी बोरिवलीत जितक्यांदा 'थांबा' म्हटलं असेल, तितक्यांदा हायवेवरच्या हवालदारानेही म्हटलं नसेल. आणि त्यांचं ऐकणाऱ्यांचं प्रमाण हवालदारापेक्षा बरं आहे.

जान्हवी कुबलने मात्र ऐकलं नाही.

हे नाव मला कमलताईंनी सांगितलेलं नाही. पेशंटचं नाव त्या रतनरावांनाही सांगत नाहीत. रतनरावांना इतकंच माहीत असतं की 'आजची फार बावळट होती' किंवा 'आजची हुशार होती, पण नवरा बावळट होता.' जान्हवीची गोष्ट मला खुद्द तिच्या सासूबाईंनी, जयंतीकाकूंनी, कमलताईंच्या गॅलरीत बसून सांगितली. दहिसरच्या अर्ध्या लोकांना त्यांनी ती आधीच सांगून झालेली होती. उरलेल्यांत मी निघालो.

जान्हवी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. वय तेहतीस, लग्नाला नऊ वर्षं, वजन एकशे सोळा. नवरा सुयोग लिफ्ट दुरुस्तीच्या कामात. मूल नाही. नऊ वर्षांत तिला दोनच सल्ले मिळाले. डॉक्टर म्हणायचे, वजन कमी कर. हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, अंगाला काही लागू दे, खात जा. त्यातला दुसरा पाळायला सोपा होता. प्रत्येक हळदीकुंकवात वाण हातात पडायच्या आधी प्रश्न पडायचा: "काय गं, काही आहे का?" शेवटी शेवटी तिने हळदीकुंकवांना जाणंच सोडलं. 'शाळेत परीक्षा आहेत' म्हणायची. दहिसरच्या बायकांना वाटायचं, या शाळेत पोरांचे फारच हाल दिसतात.

जयंतीकाकू मूळच्या कुडाळच्या पुढच्या एका गावच्या. यजमान गिरणीत होते. ते गेले, गिरणीही गेली. परळची खोली सोडून काकू मुलाबरोबर दहिसरला आल्या, पण बोली तीच राहिली आणि देवही तोच राहिला. ऑपरेशनच्या आधीच्या डिसेंबरात त्या गावच्या जत्रेला गेल्या आणि देवाला गाऱ्हाणं घातलं.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे गावकराने, गावच्या मानकऱ्याने, देवापुढे उभं राहून मोठ्याने वाचलेला अर्ज. अर्जदाराचं नाव, गाव, अडचण, मागणी, मुदत. प्रत्येक वाक्यावर जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात, म्हणजे साक्षीदारांच्या सह्या. काकूंचा अर्ज साधा होता. पुढच्या जत्रेच्या आत सुनेला दिवस जावेत; झील होवो नाहीतर चेडू, म्हणजे मुलगा होवो नाहीतर मुलगी, लाकडी पाळणा घेऊन देवळात येईन. गावकर म्हणजे सहदेव, काकूंचा चुलतदीर. त्याने तो खणखणीत आवाजात मांडला, चाळीस माणसांनी सह्या केल्या.

महिन्याभरात, चौदा जानेवारीला, जान्हवीचं ऑपरेशन झालं. ("संक्रांतीदिवशी पोट कोण कापून घेता?" काकूंनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, याच दिवशी जागा रिकामी आहे. कारण उघड होतं. बाकीच्यांनाही सासवा होत्या.) एक अर्ज देवाकडे, दुसरा डॉक्टरकडे, आणि दोन्हींच्या तारखा एकमेकींच्या अंगावर आल्यात हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

घरी सोडताना कमलताईंनी पिशवीतून गर्भाशय काढून सगळं समजावलं. अठरा महिने. गोळ्या नकोत, तांबी बसवून घे. जान्हवी "हो, हो" म्हणाली. काकू गप्प राहिल्या. सुयोग तेव्हा बाहेर कॉरिडॉरमध्ये मोबाइलवर क्रिकेट बघत होता. हा विषय बायकांचा, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. काकूंचं मौन रिक्षात सुटलं.

"देवाक बोलवचा आणि दाराक कडी घालूची? ह्यां खयच्या शास्त्रात बसता?"

तांबी बसवायची राहिली. 'बघू पुढच्या महिन्यात' असं ठरलं, आणि पुढचा महिना दर महिन्याला पुढे गेला.

जान्हवी अडकली. सासूशी वाद घालायची तिची छाती नव्हती, आणि कमलताईंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. तिने तिसरी वाट काढली. बोरिवलीच्या मेडिकलमधून गुपचूप गर्भनिरोधक गोळ्या आणल्या. दहिसरमधून नाही, तिथला मेडिकलवाला काकूंना मामी म्हणतो. आणि त्या लपवल्या डॉक्टरांनी दिलेल्या प्रोटीन पावडरीच्या डब्यात. ती पावडर चवीला भिजवलेल्या खडूसारखी लागते, त्यामुळे त्या डब्याला घरात दुसरं कोणी हात लावणं शक्य नव्हतं. असं त्या घरात पाच महिने चाललं. सासूला वाटत होतं, देव जरा सावकाश काम करतोय. सुनेला वाटत होतं, गोळी काम करतेय. आणि सुयोगला वाटत होतं, नऊ वर्षांत काही झालं नाही ते आता काय होणार.

जूनमध्ये जान्हवी तपासणीला आली. वजन ब्याण्णव. ड्रेस खांद्यावरून घसरत होता. कमलताईंनी फाइल उघडली.

"पाळी?"

"येते ना मॅडम, आता दर महिन्याला येते. पेपरवाल्यासारखी." मग जरा थांबून, "या वेळी सहा दिवस वर गेलेत."

कमलताईंनी चष्मा काढला. "तांबी?"

"नाही बसवली. पण गोळ्या घेते मी. एक दिवस चुकवली नाही."

"मी तुला गोळ्या सांगितल्या होत्या?"

"मैत्रीण घेते. तिला काही होत नाही."

"तुझ्या मैत्रिणीचं आतडं कापून जोडलंय?"

कमलताईंनी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन रेघा मारल्या.

"हा हायवे. ही तुझी गोळी, रिक्षात बसून निघाली. तिला उतरायचंय कांदिवलीला. पूर्वी खालून रस्ता होता, सिग्नलला थांबायची, उतरायची, काम करायची. आता डॉक्टरांनी वरून उड्डाणपूल बांधलाय. गोळी पुलावर चढली ती सरळ दहिसर चेकनाका. कधी चुकून उतरलीच तर उतरली. तिच्या भरवशावर राहता येत नाही. त्यात तुला अधूनमधून उलटी होते?"

"होते."

"मग काही गोळ्या तर मालाडपर्यंतसुद्धा पोचल्या नसतील."

नंतर कमलताईंनी तिला चाचणीची पट्टी दिली. पाच मिनिटं दोघी त्या पट्टीकडे बघत बसल्या. एक रेघ उमटली. दुसरी उमटलीच नाही. म्हणजे दिवस नव्हते.

"सुटलीस," कमलताई म्हणाल्या.

आणि जान्हवी रडायला लागली. एकदम मोकळेपणाने, नाक ओढत, घसरणारा ड्रेस सावरत.

"मॅडम, नऊ वर्षं मी एक दिवस जरी वर गेला ना, तरी देवापुढे दिवा लावायचे. आज पहिल्यांदा वर गेला तर भीती वाटली. मला मूल हवंय हो. कोणाहीपेक्षा मला हवंय. आणि तेच आत्ता नको म्हणून मी चोरून गोळ्या खातेय. मी काय बाई आहे का कोण आहे?"

कमलताई अशा वेळी पाठीवरून हात वगैरे फिरवत नाहीत. त्यांनी टेबलावरचा कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बाईच आहेस. आणि तुला मूल हवंय म्हणूनच थांबवतेय मी तुला. ज्या बाईला नकोय तिच्यामागे मी एवढी वीज जाळत नाही. तुझं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन आहे. आत्ता राहिलं तर ते अर्धपोटी राहील, आणि तुझंही कंबरडं मोडेल. मला तुझं मूल गुटगुटीत बघायचंय. ते येईपर्यंत मी काही रिटायर होत नाही. एकदा झालेय, मजा येत नाही त्यात. जा, त्या दोघांना आत बोलाव."

सुयोग आत आला तसा कमलताईंनी गर्भाशय उचलून त्याच्या हातात दिलं. "धरा."

सुयोगने ते दोन बोटांनी धरलं, जसा कोणी दुसऱ्याचा मोबाइल चुकून उचलतो.

"नीट धरा, चावत नाही. तुम्ही लिफ्टचं काम करता ना? दुरुस्ती चालू असली की दाराला काय लावता?"

"बोर्ड. 'काम चालू आहे, लिफ्ट वापरू नये.'"

"आणि तरी कोणी बसलं तर?"

"अहो मॅडम, लोक बसतात! शिकलेले लोक! बोर्ड वाचून बसतात! मागच्याच आठवड्यात कांदिवलीला एक वकील..." सुयोग रंगात आला होता. मग त्याने हातातल्या वस्तूकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अच्छा," तो म्हणाला आणि कान लाल करून खुर्चीत बसला. त्यानंतर त्याला काहीही समजवावं लागलं नाही. पाळी येईपर्यंतच्या दिवसांची जबाबदारी त्याची, असं सांगून कमलताईंनी त्याच्या खिशात एक पाकीट सारलं तेही त्याने पावती मिळाल्यासारखं निमूट घेतलं.

राहिल्या काकू. जान्हवीने गोळ्यांचं कबूल करून उड्डाणपुलाचं पान त्यांनाही दाखवलं होतं. त्यांनी रिक्षातलं वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी सगळ्या खोलीला. "शिस्टर, तुमचा म्हणणा माका कळता. पण मी देवाक शब्द दिलंय. चाळीस माणसांसमोर. पुढल्या जत्रेच्या आत म्हणान. आता मीच दाराक कडी लावतंय, तर देव काय म्हणात? ह्या बायेक मस्करी सुचता?"

आता गंमत बघा. समोर बसलेली बाई कोण? जिच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, जिने आयुष्यात ना नवस केला ना उपास, जिचा मुलगा, प्रबुद्ध, लहानपणी परीक्षेच्या दिवशी कपाळाला कोणाच्या तरी देवळातला अंगारा लावून आल्यावर जिने तो पुसून त्याला अभ्यासाला बसवलं होतं. या बाईने अंधश्रद्धेवर अर्धा तास भाषण दिलं असतं तर ते ऐकण्यासारखं झालं असतं. आणि काकू 'व्हय, व्हय' म्हणत घरी गेल्या असत्या, आणि तांबी पुढच्या महिन्यात गेली असती. कुरारच्या गल्ल्यांत तीस वर्षं दारं ठोठावल्यावर एवढं कळतं, की आपण दुधाबद्दल बोलायचं.

"अर्ज केलात ना?" कमलताई म्हणाल्या. "मग अर्जात दुरुस्ती करा."

"म्हणजे?"

"आमच्या घरामागे दिंडोशीचं कोर्ट आहे. तिथे रोज शेकडो माणसं जातात आणि पुढची तारीख घेऊन येतात. कोणाला फाशी होत नाही. तुमच्या देवाकडे पुढची तारीख मिळत नाही का?"

काकू विचारात पडल्या. हा मुद्दा त्यांना नवा होता. "ता सहदेवाक विचारूक होया."

"लावा फोन."

फोन लागला. गावकर देवळाच्याच ओसरीवर बसले होते. फोन स्पीकरवर टाकला आणि काकूंनी पाच महिन्यांचा इतिहास दोन मिनिटांत सांगितला, त्यात उड्डाणपूलसुद्धा आला.

"वयनी," पलीकडून आवाज आला, "देवाक मुदत घालूची आपली पद्धत नाय."

"गावकर, नमस्कार. मी हॉस्पिटलातून कमल शेजवळ बोलतेय," कमलताई म्हणाल्या. "मुदत तर आधीच घातलीत की. पुढच्या जत्रेच्या आत म्हणून. तेव्हा चाललं?"

पलीकडे कोंबडं आरवलं.

"तां बरोबर आसा," सहदेव म्हणाले. "घालूक येता. पण कारण सांगूक होया. बिगर कारणाचा देव आयकाचो नाय."

"कारण लिहून घ्या. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन."

"जरा थांबा. पेन नाय." मग "गो, चष्मो खय माजो?" अशी हाक, मग खुडबुड, मग "सांगा."

आणि महाराष्ट्रात पहिल्यांदाच, निदान माझ्या ऐकण्यात तरी, एका देवापुढे रक्ताचा रिपोर्ट वाचला गेला. ओसरीवर पाचसहा माणसं होतीच, ती जमली. सहदेवांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या मालका!"

"व्हय म्हाराजा!" फोनमधून पाचसहा आवाज.

"आज ही कुबलांची जयंती, मुंबयक ऱ्हवता, दयसराक. हिणा गेल्या जत्रेक तुज्याकडे जां मागणां केल्यान, तां आसा तसांच आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज खोलीबाहेरूनही आला. दार उघडं राहिलं होतं. बाहेर बसलेल्या पेशंटांतल्या निम्म्या तळकोकणातल्या होत्या. उरलेल्या निम्म्यांत चेतनाबेन होत्या, बोरिवलीच्याच, ऑपरेशनपूर्व तपासणीला आलेल्या. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण चांगलं काहीतरी चाललंय आणि आपण मागे राहू नये, म्हणून त्यांनी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

"पण सुनेचां आपरेशन झालां, अंगात रगात कमी, नऊ पॉइंट दोन! म्हणान तारीख फुडे ढकलूची आसा. दीड वर्स तू दमान घे म्हाराजा!"

"एक मिनिट," कमलताई म्हणाल्या. "दीड वर्ष आजपासून नाही. ऑपरेशनपासून अठरा महिने. म्हणजे पुढच्या वर्षी चौदा जुलै. नाहीतर तुमचा देव पाच महिने जास्त थांबायचा."

"चौदा जुलै म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि रक्त अकराच्या वर. तारीख आणि रक्त, दोन्ही. एकावर चालणार नाही."

"रगात अकराच्या वर, म्हाराजा! तवसर दाराक कडी दिसली तर राग मानू नको. ती कडी तुका अडवूक नाय घातलली, बाळाक बरां घर मिळूचा म्हणान घातली हा! काय चुकला-माकला तर तुज्या लेकरांका सांभाळून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिसरा मजला म्हणाला. एका वॉर्डबॉयसकट, दोन नर्सेससकट, भिंतीवरची परदेशी बाई सोडून सगळे. कमलताईही म्हणाल्या नाहीत. त्या मान खाली घालून फाइलवर तारीख लिहीत होत्या. पण काकू पदराने डोळे टिपत उठल्या आणि म्हणाल्या, "शिस्टर, आता घाला कडी."

तिसऱ्या दिवशी जान्हवीला पाळी आली आणि चौथ्या दिवशी तिथल्याच स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर अनुपमांनी तांबी बसवली. खरं तर त्यांनी जी बसवली तिच्यात तांबं नसतं, औषध असतं. तांब्याचीने अंगावरून जास्त जातं, आणि हिच्या अंगात मुळात रक्त कमी. पण नावात बदल करायला काकू तयार नव्हत्या. "तांबी म्हणजे तांबी."

यानंतरच्या तेरा महिन्यांत काकूंनी तारखेवर जो पहारा ठेवला तो बघून कमलताई म्हणाल्या, माझ्या जागेवर यांना ठेवा. जान्हवीच्या लोहाच्या गोळ्या काकूंच्या समोर गिळायच्या. नाचणीचं सत्त्व काकू स्वतः करायच्या. प्रोटीनच्या डब्यातल्या गर्भनिरोधक गोळ्या त्यांना एक दिवस सापडल्या, त्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "ह्या मालाडापर्यंत तरी पोचलेल्या काय गो?" आणि टाकून दिल्या. पण सगळ्यांत मोठं काम झालं ते हळदीकुंकवांत. आता सुनेला घेऊन काकू स्वतः जायच्या, आणि कोणी तोंड उघडून "काय गं, काही..." म्हणायच्या आत सांगायच्या, "तारीख पडली हा. चौदा जुलै. देवाकडून घेतली हा." कोर्टाचा मामला असल्यावर कोण बोलणार? नऊ वर्षांत पहिल्यांदा जान्हवीने तिळगूळ चवीने खाल्ला. एकच, अंड्याएवढ्या पोटात मावेल तेवढा.

चौदा जुलैला रविवार आला. काकू म्हणाल्या, देवाला रविवार नसतो. हॉस्पिटलला असतो. सोमवारी सकाळी सातलाच तिघं दारात हजर. रिपोर्ट अकरा पॉइंट आठ. वजन चौऱ्याहत्तर. डॉक्टर अनुपमांनी दोन मिनिटांत तांबी काढली.

"ती माका द्या," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तांबी. देवाक दाखवूक होयी. कडी काढली म्हणान पुरावो नको?"

कमलताईंनी कपाळावर हात मारला. "जयंतीताई, ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. नियम आहे. अंगातून निघालेली वस्तू बाहेर देता येत नाही."

"बाळाक भायेर देतास मां? ताय अंगातसूनच येता."

काकू खुर्चीतून उठेनात. जान्हवी "आई, चला हो" करत राहिली, सुयोग भिंतीवरच्या सफरचंदाकडे बघत राहिला. शेवटी कमलताईंनी पिशवी उघडली, पोळ्यांचं फडकं सोडलं, गर्भाशय उघडलं आणि आतली तांबी काढून काकूंच्या तळहातावर ठेवली. ही कोणाच्या अंगात कधी गेली नव्हती. दाखवायची होती. कुरारच्या पहिल्या वर्षापासूनची, दारादारांत, ओट्याओट्यांवर, हजारो बायकांच्या हातांतून फिरलेली, तार काळवंडलेली.

"ही न्या. पण ही जान्हवीची नाही हं. हिच्यात खरंच तांबं आहे."

"मगे ह्याच बरां," काकू म्हणाल्या आणि तिला रुमालात बांधलं. "देवाक तांबाच चलता."

डिसेंबरच्या जत्रेला कुबल मंडळी गेली तेव्हा जान्हवीला तिसरा संपत आला होता. सहदेवांनी तांबी घंटेशेजारी दोऱ्याला टांगली. जानेवारीत त्यांचा कमलताईंना फोन: बायका देवळात येतायत, देवाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघतायत आणि ही काय वस्तू म्हणून विचारतायत, मी पुरुष माणूस, काय सांगू? कमलताईंनी त्यांना पेन आणायला सांगितलं आणि पाऊण तास सगळं लिहून घ्यायला लावलं. शेवटी सांगितलं, आरोग्य केंद्रात फुकट मिळते. रतनराव आतून म्हणाले, "आता देवळात नोकरी धर." त्यांना चहा मिळाला नाही.

बारशाला आम्हीही गेलो होतो, दहिसरला. मुलगी. दोन किलो नऊशे. डोळे घट्ट मिटून, मुठी वळून, जणू तिलाही एखादी तारीख लक्षात ठेवायची होती. जान्हवी पाळण्याशी बसली होती, तिच्या अंगावरचा ड्रेस पहिल्यांदाच तिच्याच मापाचा वाटत होता. कमलताईंनी कुंची आणली होती, ती बाळाला घातली, बाळाच्या गालाला बोटांची मागची बाजू लावली, चष्मा पुसला. मग पाळण्यावरून वाकून जान्हवीच्या कानात, म्हणजे त्यांच्या मते कानात, म्हणाल्या, "आता काय वापरतेस?"

जान्हवी तोंड उघडेपर्यंत स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"तारीख सांगा, शिस्टर! सहदेवाक फोन लावतंय!"